आपांची दस्ती

मंगळवार, संध्याकाळी साडेसात

स्कूटी बिडकीनलाच राहिली, कंपनीच्या पार्किंगमध्ये. कसली बाई आहे मी!

आज पहिल्यांदाच कामावर स्कूटीनं गेले. उस्मानपुऱ्यातून निघाले ती बसच्या वीस मिनिटं आधी पोचले. लई भारी वाटलं. ठरवूनच टाकलं, आता कंपनीची बस बंद. पण शबाना आपांना सांगितलंच नव्हतं. चार वर्षं त्या माझ्या आधीच्या स्टॉपवर चढतात आणि शेजारच्या सीटवर आपला फुलाफुलांचा हातरुमाल, त्यांची दस्ती, टाकून माझी जागा धरतात.

सुटल्यावर गेटवर त्यांनी हातच धरला. "सकाळी कुठं होतीस गं? दोघीजणी भांडल्या माझ्याशी. पण म्या दस्ती उचलू दिली नाय."

"उशीर झाला आपा, काळीपिवळीनं आले." का खोटं बोलले? चावी मुठीत होती. बसमध्ये दस्ती टाकूनच त्या मला शोधायला आल्या होत्या. गेले, बसले.

ह्यांनी दोनदा विचारलं, गाडी कुठं आहे? काय सांगू?

उद्या स्कूटीपर्यंत जायचं तर बसनंच जावं लागणार. त्याच सीटवर. आणि संध्याकाळी ती बाहेर काढायची, तर दस्ती टाकून आपा गेटवर उभ्या असणार.