अण्णांचा फोटो मी घरीच छापणार

शनिवार, १ फेब्रुवारी

आजपासून कोपऱ्यावरच्या स्टुडिओत पाऊल ठेवणार नाही. स्वतःला लिहून देतो.

हा माणूस फोटोग्राफर म्हणवतो आणि पासपोर्टच्या फोटोत माझा डावा डोळा अर्धा मिटलेला! तसं म्हटलं तर उलट मलाच सांगतो, साहेब, तुमचा डोळा तसाच आहे. तसाच आहे? मी रोज आरशात बघतो. दोन्ही डोळे टक्क उघडे असतात. दुकानातली गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. फोटो काउंटरवर टाकून तडक बाहेर पडलो. मग पासपोर्टचं काय करणार, असं घरी हिने विचारलं. हिला मुद्दा कधी कळतच नाही.

येताना कलर प्रिंटरच घेऊन आलो. सोबत ग्लॉसी पेपरचं पाकीट. एडिटिंगचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकलं. यापुढे घरातला प्रत्येक फोटो मी घरीच छापणार. शिस्तीत सुरुवात करायची म्हणून भाचीच्या लग्नाचे फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून स्वच्छ केलं.

पहिली ऑर्डरही आली. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्या लग्नात ते हसतायत तो एक फोटो मोठा करून हवाय. शुक्रवारच्या आत. स्टुडिओतून आणतोस का, असं विचारत होते. म्हटलं, त्या स्टुडिओचं या घरात नाव काढायचं नाही. उद्या जेवायच्या आत हातात देतो.

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळ

फोटो मोठ्या स्क्रीनवर बघितला. अण्णा तोंड भरून हसतायत. असे हसताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. माझं टायमिंग! स्टुडिओवाल्याला सात जन्मांत जमणार नाही.

एकच घाण आहे. खांद्यावर मागून आलेला हात आणि कडेला अर्धा, धूसर चेहरा. काकांचा. काका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. दोघांचं बोलणं बंद आहे. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही सांगता येणार नाही. आधी कोणी बोलायचं, यावर गाडी अडलीय. लग्नाच्या गर्दीत काका मागून आले, खांद्यावर हात ठेवला. कोणीतरी मित्र असेल असं वाटून अण्णा हसले. वळून बघितलं आणि गेले तोंड फिरवून. मधल्या एका क्षणात माझं बटण दाबलं गेलं.

रविवार. दुपार

पहिली प्रिंट काढली. शाई वाळेचना. पंख्याखाली धरली, हेअर ड्रायर लावला. अण्णांची हनुवटी ओघळून टायवर आली. बोट लावलं तर नाकही गेलं. पेपर डुप्लिकेट! दुकानदाराला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. तो शांतपणे विचारतो, साहेब, चकचकीत बाजू वर ठेवलीत की खाली?

असले उद्धट लोक धंदा कसा करतात कोण जाणे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

बाजू उलटी ठेवून बघितली. शाई वाळते. म्हणजे प्रिंटरमध्ये पेपर कसा ठेवायचा हे त्या कंपनीने नीट लिहायला हवं होतं. पाकिटावर लिहिलंय असं ही म्हणते. इतक्या बारीक अक्षरात लिहिलेलं म्हणजे न लिहिल्यासारखंच.

रात्री ताईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. काकांचं हृदयाचं ऑपरेशन आहे, शुक्रवारी सकाळी. अण्णांना मीच सांगितलं, जेवताना. हातातला घास तसाच ठेवला, पाणी प्यायले आणि फोटो कधी देतोस असं विचारलं. मी थक्क! सख्ख्या भावाची छाती उघडणार आहेत आणि यांना स्वतःच्या फोटोची पडलीय. म्हातारपणी माणूस इतका कोरडा होतो? मी असा होणार नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

डोकं फिरलंय. अण्णा निळे येतायत. स्क्रीनवर पिवळे दिसतात म्हणून पिवळा कमी करतो, स्क्रीनवर एकदम टवटवीत होतात आणि प्रिंटरमधून निघतात ते विहिरीतून काढल्यासारखे. आणखी पिवळा कमी केला. आणखी निळे! प्रिंटरचं डोकं साफ करायचा एक प्रोग्रॅम असतो, तो दिवसभर चालवला. त्यात निम्मी शाई त्यानेच पिऊन टाकली. याला प्रिंटर म्हणायचं की बेवडा?

ऑफिसला दांडी मारली होती. सर्दी झाली म्हणून कळवलं. साहेबांनी लवकर बरे व्हा म्हटलं. त्यांचाही राग आला.

संध्याकाळी अण्णा खोलीत डोकावले. आहे तसाच छाप, काही करू नकोस, म्हणाले. जाता जाता परत वळले आणि म्हणाले, खांद्याची बाजू कापू नकोस हं. मी ओळखलं. लग्नासाठी शिवलेला तो नवा कोट! खांदा दिसला पाहिजे म्हणजे कोटाचा कट दिसेल. ऐंशीच्या घरात आले तरी हौस आहे. असू दे. खांदा असा काढून देतो की शिंपीसुद्धा बघत राहील.

बुधवार, ५ फेब्रुवारी. दुपार

निळ्याचा चोर सापडला. घरातच होता. ही शिक्षिका आहे. मुलांचे गृहपाठ ऑनलाइन तपासते आणि डोळे दुखतात म्हणून हिने स्क्रीनला पिवळसर करायचं बटण सुरू करून ठेवलंय. कधीपासून? महिना झाला! म्हणजे फोटो पिवळा नव्हताच. स्क्रीन पिवळी होती. मी तीन दिवस ठणठणीत माणसावर उपचार करत होतो.

खूप आरडाओरडा केला. हिने ऐकून घेतला आणि विचारलं, तीन दिवस बाकी सगळं पिवळं दिसत होतं, तेव्हा काहीच वाटलं नाही का? वादात पडायला मला वेळ नव्हता.

बुधवार. रात्री जेवणानंतर

जमलं! नको ती वस्तू पुसायचं एक हत्यार या सॉफ्टवेअरमध्ये आहे. बोटं एकेक करून उडवली. मग मनगट. मग काकांचा अर्धा चेहरा. जागा भरायला मागचा पडदा ओढून आणला. खांद्यावरची शिवण हाताने, म्हणजे माऊसने, टाका टाका जुळवली. डाग नाही, सुरकुती नाही. दोन तास श्वास रोखून बसलो होतो. सर्जनसुद्धा याहून वेगळं काय करतात?

शिवाय ही माणुसकीची गोष्ट आहे. भिंतीवर फोटो लागला की येता-जाता तो हात बघायचा, जुनं सगळं उकरून निघायचं. अण्णांना मी त्यातून सोडवलं. सेव्ह करून कॉम्प्युटर बंद केला. हिला सांगितलं नाही. सरप्राइज.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पेन कागदात रुततंय. रागाने.

प्रिंट अप्रतिम आली. रंग, चकाकी, सगळं. अण्णांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा पुसला, लावला, फोटो खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला. उलटा करून मागेही बघितलं. मग हात कुठे गेला, असं विचारलं.

मी म्हटलं, काढला! पत्तासुद्धा लागत नाही ना?

मूळचा फोटो दाखव म्हणाले. मूळचा म्हणजे हाच. त्याच नावाने सेव्ह झालाय. कार्डावरचा? ते शनिवारीच पुसलं. दुसऱ्या कोणाच्या मोबाइलमध्ये? मी कोणाला पाठवले नव्हते. मोबाइलवर पाठवले की फोटोची क्वालिटी मरते, हे मीच सगळ्यांना सांगत असतो.

अण्णा खुर्चीत बसले. त्याने आधी हात ठेवला होता, एवढंच म्हणाले.

मला अर्थ लागेना. तो हिने लावून दिला, आणि आवाज चढवून. ऑपरेशनचं अण्णांना माझ्या आधीच कळलं होतं आणि शुक्रवारी त्याआधी ते तो फोटो घेऊन काकांकडे जाणार होते. हे बघ, सुरुवात तू केलीस, आता मी बोलायला मोकळा, असं म्हणून. इतक्या वर्षांचा हट्ट, मान खाली न घालता सोडायला एवढा एकच पुरावा होता. मी म्हटलं, मग तसं तोंडाने सांगायचं ना! मी काय मनकवडा आहे? घरात कोणी सरळ बोलत नाही आणि खापर माझ्यावर! ही म्हणाली, आहे तसाच छाप, हे सरळ नव्हतं तर काय होतं?

संध्याकाळी उपाय काढला. माझाच हात हिच्या खांद्यावर ठेवून फोटो घेतला (ही अंग चोरून उभी होती), कापला आणि अण्णांच्या खांद्यावर बसवला. सावली दिली. थोडा धूसर केला. कोणालाही फरक कळला नसता. अण्णांनी एका नजरेत सांगितलं, हा तुझा हात आहे. त्याच्या अंगठ्याचं नख लहानपणापासून चेमटलेलं आहे. दारात सापडलं होतं. दार मीच लावलं होतं, असं म्हणाले.

हे असलं मला कुठून माहीत असणार? मी काय त्यांच्या लहानपणी होतो? संताप, संताप नुसता!

अण्णा जेवले नाहीत. मीही जेवलो नाही. माझ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

उठलो तर अण्णा आणि ही दोघंही घरात नाहीत. हॉस्पिटलमध्ये गेलेत. गाडी चालवायला तरी मला उठवायचं!

दुपारी हिने येऊन सांगितलं. काकांना आत न्यायची तयारी झाली होती. अण्णा दारात उभे राहिले, रिकाम्या हाताने. काका बघतायत, बोलत नाहीत. अण्णा बघतायत, बोलत नाहीत. नर्सने रुग्णाचे कोण म्हणून विचारलं, तरी अण्णा गप्प. शेवटी तिने पलंग ढकलायला घेतला, तेव्हा अण्णांनी पुढे होऊन काकांचा हात धरला आणि घाबरू नकोस रे, म्हणाले. त्यावर काका नर्सला म्हणाले, हा आधी बोलला, तुम्ही साक्षीदार आहात. आणि रडायला लागले. अण्णाही. आपल्यालाही राहवलं नाही, असं ही म्हणाली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं.

म्हणजे बघा. तो हात मी पुसला नसता तर अण्णा पुरावा नाचवत गेले असते, काकांनी तो नाकारला असता आणि भांडण आणखी पेटलं असतं. दोन भावांना मी एकत्र आणलं. हे हिला शांतपणे समजावून सांगितलं. हिने चहाचा कप माझ्यासमोर आदळला.

सोमवार, १० फेब्रुवारी

काका शुद्धीवर आहेत, थोडं बोलू शकतात. ताई त्यांच्या कानाशी फोन धरते. अण्णा सकाळ-संध्याकाळ त्यांच्याशी बोलतात. लहानपणचं काहीतरी काढतात आणि हसतात. दार लावून घेतात, तरी बाहेर ऐकू येतं.

माझ्याशी बोलत नाहीत. गुरुवारपासून एक शब्द नाही. मीठ हवं असलं तर हिच्याकडे मागतात, मीठ माझ्यासमोर असलं तरी.

ठीक आहे. माझी काही चूक नाही. मीही आधी बोलणार नाही.