जुलैमधलं प्रात्यक्षिक

प्रिय किशोरी,

'प्रिय' हे जुन्या सवयीने लिहिलं गेलं, त्यावरून मी खुशीत आहे असं समजू नकोस. तुमच्या अभ्यास मंडळाकडून आमच्या कॉलेजची फाईल परत आली. प्रस्ताव सोळा पानांचा आणि त्यावरचे शेरे एकवीस पानांचे, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी साधं 'सुकी मासळी : तयारी आणि विक्री' असं नाव दिलं होतं. मुरुडच्या पोरींना सहा महिन्यांत हाताला काही काम मिळावं, लग्न होईपर्यंत लॉजवर चादरी बदलत बसू नये, एवढाच माझा हेतू. तुम्ही त्याचं 'सागरी प्रथिन मूल्यवर्धन कौशल्य' करून टाकलंत. आमच्या ऑफिसातल्या नूतनने ते वाचलं आणि मला विचारलं, "सर, ह्यो कोर्स हाय का आजार?" खरं तर मलाही ते नक्की ठाऊक नव्हतं.

तुमची तीन माणसं पाहणीला आली होती, तेव्हा तू आली नाहीस. का आली नाहीस ते मला माहीत आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. ते तिघे काशीदला उतरले, दुपारी तळलेली सुरमई चापून खाल्ली आणि चार वाजता सुकवणीच्या खळ्यावर पोचताच नाकाला रुमाल लावले. एक तर गाडीतून खालीच उतरला नाही, काचेतूनच पाहणी केली त्याने. मासळी तोंडाला चालते, नाकाला चालत नाही, अशी ही विद्वान मंडळी! मार्गदर्शक म्हणून मी जिचं नाव दिलं होतं, ती आवडाबाई बिचारी इस्त्रीचं लुगडं नेसून उभी होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंना बांधलेल्या वलांडीच्या दोरीवर कसे टांगतात, हे तिने हौसेने करून दाखवलं. त्यातल्या मोठ्या साहेबांनी वर आकाशाकडे बघितलं आणि सुचवलं, की स्वच्छतेच्या दृष्टीने ह्या सगळ्यावर पक्कं छप्पर हवं. तिने विचारलं, "मंग ऊन कुठून येल, सायेब?" साहेबांनी वही काढून ते लिहून घेतलं. ऊन लागतं, ही त्यांना नवी माहिती होती.

हेही मी हसण्यावारी नेलं असतं. पण तुमचं वेळापत्रक बघितलं आणि डोकंच फिरलं. प्रात्यक्षिकं मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी लिहिली होती. तुमच्या मंडळाने सत्राच्या नियमाप्रमाणे ती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नेली. जुलैमध्ये, किशोरी! होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, समुद्रात जायला बंदी असते, धो धो पाऊस असतो आणि वलांडीचे बांबू सोडवून घराच्या पडवीत रचलेले असतात. त्या तीन गृहस्थांना हे माहीत नसेल, त्यांना मी माफ करतो; त्यांनी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलाय. पण त्या पानाखाली तुझी सही आहे. पावसाळाभर त्या बांबूंवर बसून अभ्यास केलेल्या मुलीने जुलैमध्ये मासळी सुकवायला मंजुरी दिली, ह्याला अज्ञान म्हणता येत नाही. दुसरा शब्द मी लिहीत नाही, तुला तो सुचेल.

आणि मग तो शेवटचा शेरा, त्याखालीही तुझीच सही. 'सदर महिलेकडे किमान शैक्षणिक अर्हता नसल्याने मार्गदर्शक म्हणून नाव वगळावे.' तिच्याऐवजी तुम्ही पनवेलचे कोणी अन्नतंत्रज्ञ सुचवलेत, जे ऑनलाइन शिकवतील. बोंबील नीट सुकला की नाही, हे आवडाबाई तो कानाशी धरून वाकवते आणि आवाजावरून सांगते. पनवेलहून ते कसं ऐकू येणार, हे मंडळाने कळवावं. खरं सांगायचं तर ह्यात मीही धुतल्या तांदळाचा नाही. मी तळा तालुक्यातला, भातशेतीच्या गावातला, मास्तरांचा मुलगा. सहा महिने तिच्याकडे बसून सगळं शिकलो, ते कागदावर उतरवलं आणि समन्वयक म्हणून आधी स्वतःचं नाव घातलं. तिचं नाव बाराव्या पानावर. तुमच्या विद्वानांची लागण मलाही झालेली आहेच.

तुला आठवतं, आपण एफवायला होतो तेव्हा तू वर्गात यायच्या आधी नळावर तीनदा साबणाने हात धुवायचीस? एसटी स्टँडवरून मी तुला घरी सोडायला निघालो, की तू मला बाजारपेठेच्या वळणावरच थांबवायचीस. मला वाटायचं, मी बौद्धवाड्यातला म्हणून थांबवतेस. त्या गैरसमजात मी चार वर्षं काढली आणि मग तुझ्या लग्नाची पत्रिका आली. तू मला लपवत नव्हतीस, घर लपवत होतीस, हे फार उशिरा कळलं. तेव्हा कळतं तर मी तुला खडसावलं असतं, आणि कदाचित तिथेच मागणीही घातली असती. असो.

आता हे पत्र का लिहितोय ते सांगतो. आज सकाळी आवडाबाई कॉलेजात आली, मंजुरीचं काय झालं ते विचारायला. मी अर्हतेचा शेरा वाचून दाखवला आणि कोणी लिहिला ते सांगितलं नाही. तिने कागद हातात घेतला. वाचता येत नाही तिला, पण सहीखाली ओढलेल्या लांब रेघेवर बोट ठेवून ती म्हणाली, "ही दोरी आमच्या किशोरीची." लहानपणी प्रगतिपुस्तकावर पालकांच्या जागी तूच सही करायचीस, हे ती शेजारी बसून बघायची. मग म्हणाली, "बरोबरच लिवलंय तिनं. आईचं शिक्षान कुठं झालंय? माझं नाव काडा सर, पोरीला तिथं कमीपना नको." मी नाव काढणार नाही. वीस तारखेच्या बैठकीत फाईल जशीच्या तशी पुन्हा येईल, फक्त तिचं नाव पहिल्या पानावर असेल, माझ्या वर. तिथे तुला काय लिहायचं ते लिही, पण 'सदर महिला' लिहू नकोस, 'माझी आई' लिही. सोबत तिने बोंबील पाठवलेत. तीन पिशव्यांत बांधून वरून चिकटपट्टी लावलीय. तुझ्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये वास येऊ नये, म्हणून.

तुझाच, रागातसुद्धा,
अजित