वळणावरचा मीटर

हिल्स्टन,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय कीथ,

अक्षर ओळखलंस ना? सतरा वर्षांत आपल्या दोघांत नाताळचं कार्डसुद्धा गेलं-आलं नाही. तेव्हा पाकीट न फोडताच फेकावंसं वाटलं, तरी तुला दोष देणार नाही. इकडे बरं आहे. माझ्या नोलीनचा गुडघा बदलला, आता चालण्यात ती मला मागे टाकते. नदीला पाणी बेताचंच आहे. समुद्राकाठची हवा तुझ्या दम्याला मानवते असं ऐकलं, बरं वाटलं.

पत्राला निमित्त तुझी लेक.

नव्या नियमांमुळे नदीवरच्या माझ्या मोठ्या पंपाला नवा मीटर हवा होता, आणि तो परवाना असलेल्या माणसानेच बसवायचा. ग्रिफिथच्या कंपनीला फोन केला, तर त्यांनी पाठवलं टेगनला! यादीत माझं नाव बघून तिला नाही म्हणता आलं असतं. गाडीतून उतरली ती डोक्यावर हेल्मेट, त्यातून चारी बाजूंनी प्लॅस्टिकच्या पट्ट्या बाहेर आलेल्या. सध्या मॅगपाय पिल्लांपायी चवताळलेत ना, दिसेल त्याच्या डोक्यावर झडप घालतात. मी म्हटलं, "हा काय अवतार?" तर म्हणाली, "मर्व्ह काका, तुमच्या पक्ष्यांनाही पाहुणे आवडत नाहीत."

या नियमांवर मी तीन वर्षं बोटं मोडतोय. नोलीनने चहा आणि फ्रूट केक पुढे ठेवला आणि या पोरीने अर्ध्या तासात सगळं माझ्या गळी उतरवलं. जनावरांच्या पाण्याचा छोटा पंप यात येत नाही. मोठ्याचे आकडे आता आपोआप पाणी खात्याकडे जाणार. सील तुटलं किंवा मीटर बंद पडला तर चोवीस तासांत कळवायचं, कुणी येऊन पकडेपर्यंत थांबायचं नाही. मी म्हटलं, "म्हणजे सरकारला आम्ही सगळे चोर वाटतो." ती म्हणाली, "काका, मीटर तुमच्यासाठी नसतो, नदीवर तुमच्या खालच्या माणसासाठी असतो. त्याला वर काय चाललंय ते दिसत नाही ना." केकचा तुकडा हातात घेऊन अगदी सहज बोलली.

मग आम्ही पंपावर गेलो. जुना मीटर पाइपाच्या वळणाला अगदी चिकटून बसवलेला. तिने मोजायची टेप लावली, पुन्हा लावली.

"हा इथे कुणी बसवला?"

"तुझ्या आजोबांनी," मी म्हटलं.

"आजोबांना ठाऊक नसणार. वळणावर पाणी घुसळत येतं, मीटरला ते नीट मोजता येत नाही. मीटरच्या आधी पाइपाच्या रुंदीच्या दहापट सरळ पाइप हवा आणि नंतर पाचपट. मी इथे बसवणार नाही. आधी पाइप बदलावा लागेल."

कापसाच्या पेरणीआधीचं पाणी द्यायचं होतं, धरणातून मागवलेलं पाणी नदीने यायला निघालं होतं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सील लावून टाक ना! इथे बघायला कोण येतंय?" ती म्हणाली, "कागदावर खाली माझं नाव येतं." मी ओरडलो, "बापासारखीच हट्टी आहेस!" तर हसून म्हणाली, "थँक यू."

शनिवारी तिची सुट्टी. तरी नवा पाइप घेऊन आली. चिखलात पालथी पडून, माश्या हाकलत दोन दिवस काम केलं. जोडणी केली, पाणी सोडून आकडे तीनदा ताडून बघितले, मग सील लावलं. लाख डॉलरची मशिनरी दुरुस्त करणारी माणसंही मी बघितलीत, पण इतका चोख हात बघितला नाही. कीथ, तुझी लेक बघून मला अभिमान वाटला, आणि तो वाटायचा मला काडीचा अधिकार नाही हेही त्याच वेळी कळलं.

निघताना गाडीच्या दाराशी थांबून म्हणाली, "बाबा म्हणायचे, वरून पाणी सुटतं पण खाली आपल्या संत्र्याच्या बागेपर्यंत पोचत नाही. आई म्हणायची, मनाचे खेळ आहेत. पुढे पुढे बाबांनाही तसंच वाटायला लागलं. आपणच बाग नीट सांभाळली नाही, म्हणतात."

नोलीनने तिला मटणाचे चॉप बांधून दिले. मी हात हलवला.

आपले बाबा अठ्ठ्याण्णव साली गेले. तो मीटर दोन हजार पाचचा. म्हणजे टेगनला सांगितलं ते खोटं, हे तुला आता कळलंच असेल. पंप हलवताना तो मीच तिथे बसवला. सुरुवातीला चुकून, जागा नव्हती म्हणून. पण वाफे भरायला पूर्वीइतकेच तास लागत होते आणि आकडा मात्र मागे रेंगाळत होता. मी टाकी भरून मोजलं. दहा भाग पाणी गेलं की मीटर सातच दाखवायचा. हलवायला दोन दिवस पुरले असते. मी ते दोन दिवस एकोणीस वर्षं काढले नाहीत.

दुष्काळात तू गावच्या हॉलमधल्या सभेत उठून म्हणालास की वर कुणीतरी जास्त घेतंय. मी सगळ्यांसमोर माझे आकडे वाचून दाखवले. लोक हसले. मीही हसलो. त्या हिवाळ्यात तू संत्र्याची झाडं बुलडोझरने पाडलीस, तो धूर माझ्या अंगणात येत होता, आणि मी खिडक्या लावून घेतल्या.

तू बाग नीट सांभाळली होतीस. तुझं काहीएक चुकलं नव्हतं.

चोवीस तारखेला त्याच हॉलमध्ये नदीचं पाणी घेणाऱ्यांची सभा आहे. तिथे मी उठून हे सगळं सांगणार आहे, आणि पाणी खात्याला लिहिलेलं पत्र आज याच टपालाने जातंय. त्यांनी काय करायचं ते करावं. टेगनला येत्या रविवारी जेवायला बोलावलंय. आजोबांचं नाव मी खोटं घेतलं हे तिला तोंडावर सांगेन. तिच्याआधी तुला कळायला हवं होतं.

माफ कर असं लिहून दोनदा खोडलं. माफी मागायला मला तोंड नाही.

तुझ्या झाडांचं पाणी घेतलेला,
तुझा भाऊ
मर्व्ह