पाठीतल्या तारा आणि दोन भरत्या

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज भर दुपारी सांगावंसं वाटतंय की माझ्या पाठीत दोन तारा आहेत. बारीक, मणक्याजवळ. बाहेर कमरेला डबी बांधलीय, तिच्यातून तारांत बारीक वीज सुटते. पाठीची दोन ऑपरेशनं होऊनही पाय ठणकायचा थांबेना, म्हणून कोल्हापूरच्या डॉक्टरांनी हे आठवडाभरासाठी लावून घरी पाठवलंय. दुखणं निम्म्यावर आलं तर कायमचं यंत्र आत बसवायचं, नाहीतर विषय संपला. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पाठ भिजवायची नाही. बाकी चाला, झोपा, काय फरक पडतो ते बघा, म्हणाले. नवरा रोज सकाळी विचारतो, कसं वाटतंय? मी ताकास तूर लागू देत नाही.

त्याला कारण तुम्ही. मी सात-आठ वर्षांची, तुम्ही बांधलेली नवी होडी भाट्याच्या खाडीत उतरतेय. मालक काठावर पेढ्यांचा पुडा घेऊन उभा. होडी कोरडी बघून मी ओरडते, गळत नाही! तुम्ही दंड धरून मला बाजूला घेता. "अगो, दोन भरत्या जाऊ देत, मग बोल." मालक पुडा तसाच घेऊन परत गेला. माझा सगळा जीव त्या पेढ्यांत होता.

तर मी गप्प आहे. पण डबी चालू असली की ठणका लांब जातो, खाडीपलीकडून कुणी हाक मारावी इतका लांब. पायात नुसत्या मुंग्या, लाट परतताना तळव्याखालची वाळू सरकते तशा. काल मुद्दाम डबी बंद केली, तर थोड्या वेळात स्वारी हजर. म्हणजे मनाचे खेळ नव्हेत. आणि आबा, मला झोप लागते. इतकी वर्षं कूस बदलली की जाग यायची, स्वप्न पडायला सवडच नव्हती. आता ओसरीवर डोळा लागला की तुम्ही येता, अंगावर लाकडाचा भुसा. होडीच्या पोटात उतरून फळ्यांवरून हात फिरवत राहता.

उद्या तारा निघतील. डॉक्टर विचारतील, आणि मी सांगेन, निम्म्याहून जास्त फरक आहे, बाजारात उभं राहून मासळी निवडली, बसवा तुमचं यंत्र. ते बसेपर्यंत ठणका परत येईल, झोप जाईल, आणि तुम्हीही. त्याचीच मला भीती वाटते. तुमचं येणं मात्र मी कुणाला सांगणार नाही. पाठीचं निमित्त आहे, आबा. यंत्र मला तुमच्या येण्यासाठीच हवंय. हे पत्र राहू दे इथंच. मी आता आडवी होते. तिन्हीसांजेच्या आत एकदा येऊन जा.