झबल्याचं पाणी

३ मार्च, रविवार
प्रभूची कृपा. आज कात्रपच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. दोन खोल्या, बाल्कनीत सकाळचं ऊन. उल्हासनगरच्या खोलीत कपडे पंख्याखाली वाळवायचे. इथे दोरीला खिळेसुद्धा आहेत. नळाला तासभरच पाणी येतं, पण मला पुरतं. तांदळाचं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला, कपड्यांचं फरशीला. हे हसतात, म्हणतात, तुला नदीकाठी घर दिलं तरी तू तांब्यानंच पाणी मोजशील.
बाळाची पिशवी मी मांडीवर घेऊन आले. गेल्या वर्षी नवव्या दिवशी तो गेला, तेव्हा अंगातून काढलेलं झबलं आहे त्यात. धुतलेलं नाही. दुधाचा आंबूस वास अजून येतो.

८ मार्च, शुक्रवार
खालच्या मजल्यावरच्या बनूबाईंकडे दर शुक्रवारी दुपारी बायकांची प्रार्थना असते. डोळे मिटले की त्यांना स्वर्ग दिसतो म्हणे. मोत्याची वेस, काचेसारखं तळं, शुभ्र झगे घातलेली माणसं. मी बाळाचं विचारलं. बाप्तिस्म्याआधीच गेला, हेही सांगितलं. एवढंसं लेकरू थेट प्रभूजवळ जातं, असं पाळकसाहेब तेव्हाच म्हणाले होते. माझ्या मनाला काही पटलं नव्हतं.
बनूबाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "वेशीबाहेर उभा आहे गं बाई. झबलं मळकं आहे, म्हणून आत घेत नाहीत."

९ मार्च, शनिवार
धुतलं. आधी पोटभर वास घेतला, मग साबण लावला. पाणी चहासारखं निघालं. टाकवेना. फरशी पुसली, उरलेलं कुंडीला घातलं.

१५ मार्च, शुक्रवार
तो वेशीजवळ सरकलाय. बनूबाई म्हणाल्या, अजून धू. रोज धुते. झबलं पांढरंशुभ्र झालंय, पाणी मात्र दिवसेंदिवस दाट. त्यावर साय धरते. फरशीला पाय चिकटतात. ओकारीचा वास येतो म्हणून ह्यांनी ड्रेनेजवाल्याला बोलावलं. त्याला काही सापडलं नाही.
कढीपत्ता मात्र फोफावलाय. आमटीत घातला. पहिल्याच घासाला जिभेला लव लागली.

१९ मार्च, मंगळवार
पान खुडलं तर देठातून दूध आलं. आंबलेलं. ह्यांना दिवसभर उलट्या. कुंडी उपटली. मुळांना बारीक काळे केस. मऊ.

२२ मार्च, शुक्रवार
आज मलाच दिसलं. तो वेशीच्या आत होता. पांढरा. ओठ पांढरे, डोक्यावर केस नाहीत, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा. कसलाच वास नाही. मी हाक मारली. त्यानं पाहिलं आणि मान फिरवली. ओळखलंच नाही.
बायका हालेलूया म्हणत होत्या. बनूबाई आनंदानं रडत होत्या.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार
चर्चला गेले नाही. बादली ओतायला घेतली. तळाशी कोंड्यासारखं काही— नखं. कागदासारखी. त्याची.
ओतलं नाही.

२७ मार्च
हे अंबरनाथला बहिणीकडे गेले. माझ्या हातचं खाववत नाही म्हणाले. शनिवारी न्यायला येतील. बादलीवर ताट झाकलंय. मधूनच ताट वाजतं.

२९ मार्च, शुभ शुक्रवार
बनूबाई दारात आल्या, पदर नाकाला. म्हणाल्या, हे त्याचं पाप आहे, मोरीत ओत, नाहीतर त्याला परत बाहेर काढतील.
हो म्हटलं. दार लावलं.

३० मार्च
ताट उचललं. ओकले. पुन्हा वाकले.
दूध, लाळ, केस— तोच वास. नऊ दिवस मांडीवर हेच होतं. मग वर आहे ते कोणाचं— प्रभू, मला क्षमा—
हात घातला. कोमट. बोट धरलं. चोखतोय. दात नसतात एवढ्या लहान— आहेत. पुष्कळ.
बेल वाजतेय. हे आले. थांबा म्हणावं. भुकेला आहे, आधी पदराखाली घेते, मग लिहि—