जंगलाच्या पडद्याचं माप

सोमवार, ३ फेब्रु.
फार उशिरा लिहितो आहे, माफी असावी. दिवाळीपासून वहीला हात नाही. माफी कोणाची मागतो ते कळत नाही, पण मागून ठेवतो.
गावच्या नाटक मंडळाचा जंगलाचा पडदा उंदरांनी संपवला. यात्रेतल्या नाटकाला नवा हवा. आता रंगवत नाहीत, फ्लेक्स छापतात. फाइल आमची सून वैशाली करते, तिचं नांदुऱ्यात डिझाइनचं दुकान आहे. जुना पडदा माझ्या हातचा, म्हणून शेजारी मी. त्याचा एकच फोटो सापडला, तोही गर्दीतून तिरपा काढलेला. मोठा केला की नुसते ठिपके. म्हणून वै. त्यावरून कॉम्प्युटरात सगळं नव्यानं रेखते. मी स्क्रीनला बोट लावतो, ती पुसते.
"मामाजी, तोंडानं सांगा ना. बोट काऊन लावता?"
शुक्रवारी, १४ ला, फाइल मलकापूरच्या मशीनवर गेली पाहिजे. एकदा छापलं की बदल नाही. हेच डोक्यात फिरतं.

५ फेब्रु.
पानांचा हिरवा स्क्रीनवर झकास. छापायच्या चार रंगांत टाकला की मेला. वै. म्हणते छापून असाच येईल, म्हणून पिवळा वाढवून ठेवला. तीनदा विचारलं, तीनदा हो म्हणाली. तरी...
तिरपा फोटो सरळ करायला तिला खरं माप पाहिजे. उंची बारा फूट, नक्की. स्टेजचा पाइप तोच आहे. रुंदी माझ्या जुन्या वहीत सापडली: ३० वीत. माझी वीत टेपनं मोजली, आठ इंच. वीस फूट सांगितले.

७ फेब्रु.
नमुना छापून आला, दाराएवढा. झाडं निलगिरीसारखी सरळसोट. मंडळाचे गजाननभाऊ आले, चष्मा कपाळावर चढवला.
"नामदेवभाऊ, हे हरन हाये का उंट?"
वै. हसली. मी म्हणालो, कॉम्प्युटरनं ताणलं. ती म्हणाली, "तुमी सांगतलं तेच माप टाकलं मी."

८ फेब्रु.
अंघोळ करताना ध्यानात आलं. वीत माझी नव्हतीच! कापडावर चौकटी पाडायचं काम माझ्या जोडीच्या रशीदचं. मी सुतळी धरायचो, वीत तो टाकायचा. वहीत आकडा मी लिहिला, पण हात त्याचा. काय पंजा होता, माझं अख्खं तोंड झाकायचा. त्याची वीत नऊ इंच? साडेनऊ? अर्ध्या इंचानं पडदा सव्वा फूट हलतो.
वै. म्हणाली, "नजरेनं बसवून देऊ का?" नको म्हणालो. का नको ते सांगितलं नाही.

९ फेब्रु.
आज सांगितलं. पडदा दोघांनी रंगवला. हरणं सगळी र. ची, मला जनावर कधी जमलं नाही. शेवटच्या आठवड्यात तो बहिणीच्या लग्नाला मेहकरला गेला. मंडळाचे लोक भोवती उभे, नाव टाका म्हणाले. टाकलं. एकट्याचं. नाटकाच्या दिवशी तो आला, कोपऱ्यातल्या नावाकडे बराच वेळ पाहिलं.
"वा नामदेव. हरनं माही अन् जंगल तुहं?"
गेला तो गेला, मेहकरलाच राहिला. तीस वर्षं होतील. आता त्याची वीतही नजरेनं बसवायची म्हणजे पुन्हा त्याला न विचारताच झालं.
वै. ऐकत होती. माउस हातातच राहिला तिच्या.

११ फेब्रु.
मेहकरला गेलो. खामगावला गाडी बदलली. गल्ली सापडली. दारात एक बाई तांदूळ निवडत बसलेली.
"कोन पाह्यजे बाबा?"
"कोनी नाही," म्हणालो. परत फिरलो. शेजारी त्याच्या मुलाचं गॅरेज, पाटी हातानं रंगवलेली. अक्षर र. चं, अजून तसंच टपोरं. त्यावरचा नंबर तेवढा लिहून आणला.
वै. रागावली. "इतक्या दूर जाऊन पानी तरी पेले का?"

१२ फेब्रु.
वै. म्हणते कडेचे तीन इंच दुमडून शिवतात, नाव त्याच्या आत घ्यावं लागेल. मग म्हणाली, "कोनाचं टाकू मामाजी?"
सांगितलं, रशीद-नामदेव. त्याचं आधी. तिनं टाकलं. खुर्ची ओढून पुन्हा वाचलं.
गॅरेजच्या नंबरवर तिच्याकडून निरोप लिहवला. तुझी वीत मोजून इंचात कळव. तुझं नाव टाकतो आहे, चालत नसेल तर तेही कळव. माफीचं वाक्य दोनदा घातलं, दोनदा काढायला लावलं. शेवटी वै. नं मला न विचारता राहू दिलं.

गुरुवार, १३ फेब्रु.
व्हॉट्सॲपवर निरोपाच्या खुणा निळ्या झाल्या. म्हणजे वाचला. त्यानं का मुलानं, काय माहीत. उत्तर नाही. वै. नं रुंदी सोडून सगळी फाइल तयार ठेवली आहे. मोबाइल तिच्याच हातात, मी दर घडीला विचारतो.
"मामाजी, आला की सांगतेच ना!"
चहा दोनदा गार झाला. मलकापूरचा माणूस उद्या अकराला फाइल मागणार.
रशीद, वीत द्यायची नसेल तर शिव्या दे बे. पण अकराच्या आत कळव.