आयचं कुमसार

दादर,
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय पास्कू,

येशूच्या कृपेने मी बरी आहे. तू आणि सुरुची ठीक असाल. पोरीचा खोकला थांबला का? तुमच्या कॉटन ग्रीनला गोदामांची धूळ फार, खिडक्या लावून घेत जा.

आमच्या मासिकाचं आता काही खरं नाही. मराठी वाचणारे कॅथलिक उरलेत कुठे? पुढच्या अंकात नव्या पोपवर लेख आहे, एका पुस्तकाचं परीक्षण आहे, आणि वसईच्या एका फादरनी तरुण देवळात का येत नाहीत म्हणून चार पानं झाडलीत. प्रुफं मीच वाचते. देवळात मराठी मिस्सा आता महिन्यातून एकदाच, तीही भर दुपारी. आय म्हणायची, देव काय इंग्लिश मीडियमला गेला का?

म्हणायची. बघ, लिहून गेले.

पास्कू, आय गेली. रविवारी सकाळी, मृतांच्या स्मरणाच्या दिवशीच. तुला फोन लावत राहिले, तू उचलला नाहीस. असली बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला हात धजला नाही. मयताला अख्खी वाडी लोटली होती. सगळ्यांचं एकच, फादर पास्कल आफ्रिकेहून पोचले नाहीत का? तू झगा उतरवून लग्न केलंस तेव्हापासून आयने सगळ्यांना तेच सांगितलं होतं ना, पोरगा आफ्रिकेत मिशनवर आहे म्हणून. मी काय बोलणार? विमान मिळालं नाही म्हटलं. तर कोणीतरी तिथेच तुझ्या मिशनसाठी रोझरी सुरू केली. देवा रे!

शेवटच्या दिवसांत तिचा एकच धोशा होता, कुमसार. पापं सांगून मोकळं व्हायचं होतं तिला. पण आमच्या नव्या फादरकडे नाही. बिचारा रोज यायचा, हिंदीतून माँजी माँजी करायचा, आणि ही भिंतीकडे तोंड करून पडायची. ‘पास्कूलाच सांगणार.’ मी सवयीने म्हटलं, आय, तो आफ्रिकेत आहे. तर म्हणाली, ‘येडी का तू? कॉटन ग्रीनला टॅक्सी जात नाही का?’

म्हणून तुला फोन केला होता. तू म्हणालास, ‘बाय, मी आता फादर नाही, मला तो अधिकार नाही. दुसऱ्या कोणाला तरी बोलाव.’ नियम असेल म्हटलं, तू एवढा शिकलेला. आयला सांगितलं, त्याला येता येत नाही, चर्चचा कायदा आहे. त्यानंतर तिने विचारलं नाही. फादरने शेवटचं तेल लावलं तेव्हा तिला शुद्धच नव्हती.

काल प्रुफं आली. वाचकांच्या प्रश्नोत्तरांत लिहिलंय की मरणाच्या दारात असलेल्या माणसाला कोणताही धर्मगुरू पापक्षमा देऊ शकतो, त्याने धर्मगुरुपद सोडलेलं असलं तरी. पुन्हा पुन्हा वाचलं. मग संपादक फादरना फोन केला, हे सगळ्या फादरना ठाऊक असतं का? ते हसले. ‘अहो हिल्डाबाई, हे तर सेमिनरीतच शिकवतात.’

मेल्या, तुला ठाऊक होतं! आयसमोर बसायची हिंमत नाही, एवढं म्हणायचंस. मी समजून घेतलं असतं. चर्चला कशाला पुढे केलंस?

मी रोज गुडघे टेकते आणि प्रार्थना अर्ध्यावर सोडून उठते. चहा अजून दोघींचा टाकते. वर कोणी ऐकणारा आहे की नाही तेही आता कळेनासं झालंय, आणि मी त्याच्याच मासिकाच्या चुका काढत बसते. रविवारी सातव्या दिवसाची मिस्सा आहे. ये म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही.

तिला काय सांगायचं होतं ते मला माहीत आहे, माझ्याजवळ बोलली होती. सुरुची पोटुशी असताना एकटीच आपल्या दारात आली होती, हातात लाडवांचा डबा घेऊन. आयने तोंडावर दार लावलं. सुरुचीने तुला कधी सांगितलं नसेल, गुणाची आहे. आयला मात्र ते आतून खात होतं. देवाची माफी तिने कधीच मागून घेतली होती, पास्कू. तुझी तेवढी राहिली होती. त्याला फादर कशाला लागत होता रे? मुलगा आला असता तरी पुरलं असतं.

आयच्या रिकाम्या घरातून,
तुझी बाय,
हिल्डा